दुधाचे खाडे आणि शिंकांच्या फुल्या

आमच्या परभणीत वसंत ऋतू आला असं कुणी म्हणत नाही. थंडी सरली म्हणतात आणि ऊन लागायला लागलं म्हणतात. २ फेब्रुवारीला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो तेव्हा रात्री आकाशपाळण्यात बसणाऱ्या लेकरांना कानटोपी घालावी लागते, आणि उरूस उठेपर्यंत घराघरांत दुपारचा पंखा सुरू झालेला असतो. पहाटे १५ अंशांच्या आसपास, दुपारी ३२-३३. या अधल्यामधल्या दिवसांत गल्लीतल्या निम्म्या लेकरांची नाकं वाहत असतात आणि मोठी माणसं एकमेकांना तेच सांगत असतात, "वातावरण बदलायलंय."

वातावरण बदलतं हे खरं. पण दरवर्षी त्याच महिन्यात, ताप नसताना, लेकरू पहाटे उठल्या उठल्या ओळीनं आठ-दहा शिंका देत असेल, नाक पाण्यासारखं गळत असेल आणि हे तीन-तीन आठवडे चालत असेल, तर वातावरणाकडे बोट दाखवून भागत नाही. या चुकीचे आपणच पहिले बळी नाही. लंडनमध्ये जॉन बॉस्टॉक नावाच्या डॉक्टरनं १८१९ साली स्वतःच्याच सुजल्या डोळ्यांचं आणि वाहत्या नाकाचं वर्णन वैद्यकीय सभेपुढे वाचलं. इंग्रज लोक पुढे या दुखण्याला गवताचा ताप म्हणू लागले. बॉस्टॉकनं मात्र दोष दिला उन्हाळ्याच्या उकाड्याला, म्हणजे वातावरणालाच. खरा दोषी हवेत उडणारा पराग, हे चार्ल्स ब्लॅकली यानं स्वतःवर प्रयोग करकरून १८७३ मध्ये दाखवलं. मधे चोपन्न वर्षं गेली. आपल्या घरात एवढा वेळ लागू नये म्हणून हा लेख.

आमच्या घरीही एक दोषी आधीच ठरला होता. अंगणातला आंबा. धाकटी दुसरीत गेली त्या वर्षी फेब्रुवारीत तिला इतक्या शिंका आल्या की नाकाखालची कातडी सोलून लाल झाली. झाड मोहरानं लगडलेलं. सासूबाई म्हणाल्या मोहराचा वास बाधला, शेजारचे काका म्हणाले फांद्या तरी छाटा, आणि नवऱ्यानं कुऱ्हाडवाल्याला विचारूनही ठेवलं. सतरा वर्षांचं झाड. मी फक्त महिनाभराची मुदत मागितली, आणि त्या महिन्यात एकच गोष्ट केली. स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यावर मी दुधाचे खाडे मांडते, ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या तारखेला गोल. त्याच चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात मी शिंकांच्या फुल्या टाकायला लागले. थोडा त्रास एक फुली, शाळा बुडावी इतका तीन फुल्या. शेजारी एखादा शब्द: 'शेत', 'झाडलोट', 'लग्न', 'वारा'.

महिना संपला तेव्हा चित्र वेगळंच निघालं. मोहर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून होता आणि जानेवारीभर तिला जवळजवळ त्रासच नव्हता. तीन फुल्यांचे दिवस बहुतेक रविवारचे होते. रविवारी आमच्याकडे जाळीजळमटं काढतात, वाकळा गच्चीवर नेऊन झटकतात आणि दुपारून सगळे शेतावर जातात. एक घोळका हरभऱ्याच्या मळणीच्या आठवड्यात होता. त्या आठवड्यात ती शेताकडे फिरकलीसुद्धा नव्हती. ते कोडं पुढे सुटलं, सांगते. आंबा राहिला. त्याचा पराग मुख्यतः माशा-किडे नेतात, तो वाऱ्यावर फार लांब जात नाही, हे नंतर कळलं. मोहराच्या वासानं एखाद्या लेकराचं नाक चुरचुरतं, नाही असं नाही. पण फुल्या बघितल्याशिवाय झाडाला हात लावू नका.

कॅलेंडरचा आग्रह मी इतका धरते त्याला कारण आहे. आपल्याकडे रोज सकाळी पेपरात परागाचा आकडा छापून येत नाही. दुसऱ्या देशात राहणाऱ्या भाचरांच्या मोबाईलवर तो येतो आणि ते त्याप्रमाणे खिडक्या लावतात. आपल्याला आपल्या लेकराचं नाक हेच यंत्र आहे, आणि यंत्राचे आकडे लिहून ठेवले तरच कामाचे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, की हे साधं पडसं नाही, ॲलर्जी आहे. पडशात पहिले दोन दिवस अंग कसकसतं, बारीक ताप येतो, नाकातलं पाणी दाट पिवळं होतं आणि आठ-दहा दिवसांत गाडी मार्गावर येते. ॲलर्जीत ताप नसतो, पाणी पातळच राहतं, आणि खाज असते. नाकाला, डोळ्यांना, टाळूलाही. टाळू खाजली की लेकरं जिभेनं घशात 'क्ख क्ख' असा आवाज काढतात. आपण त्यांना रागावतो, वाईट सवय म्हणून. तळहातानं नाक खालून वर रगडत राहिल्यानं नाकाच्या शेंड्याच्या जरा वर एक आडवी घडी पडते. डोळ्यांखाली काळसर छटा येते. तोंड उघडं ठेवून झोपतात, घोरतात, आणि सकाळी पुरी झोप न झाल्यानं चिडचिडी उठतात. आई-बाबांपैकी कुणाला दमा, शिंकांचा त्रास किंवा अंगावर खाजरं चट्टे उठायची सवय असेल, तर शंका आणखी पक्की होते.

हवेत असतं तरी काय या दिवसांत? सुंदर, रंगीत, वासाची फुलं सहसा गुन्हेगार नसतात. पळस फुलला म्हणून घाबरायचं कारण नाही. त्रास देतात ती अशी झाडं, ज्यांचा मोहोर आपल्याला दिसतही नाही, कारण त्यांना किड्यांना बोलवायचं नसतं. ती आपला पराग वाऱ्यावर सोडतात. वावळा फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडून उघड्या फांद्यांवर असाच फुलतो, आणि भारतात ॲलर्जी देणाऱ्या झाडांत त्याचं नाव वरच्या यादीत आहे. बांधावरचा, नाल्याकाठचा एरंड तसाच. वेडी बाभूळ रेल्वे रुळांच्या कडेनं पूर्णा जंक्शनपर्यंत सोबत करते. आणि गाजर गवत, आपलं काँग्रेस. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण पावसाळ्यातलं म्हणून ओळखलं जातं. पण जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणीपाळी सुटते तिथे पाथरी-मानवतच्या बाजूला ते फेब्रुवारीतही हिरवंगार फुललेलं सापडतं. आपल्या कृषी विद्यापीठातून त्याची पानं खाणारे मेक्सिकन भुंगे मिळतात, पण ते काम पावसाळ्यात. आत्ता घराभोवतीचं उपटायचं तर फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून, आणि लेकराला मदतीला न घेता. अंगाला लागलं तर कातडीवर जे उठतं ते शिंकांपेक्षा वाईट.

पण परभणी जिल्ह्यात राहायचं आणि फक्त परागाला दोष द्यायचा हे अर्धवट झालं. इथे या महिन्यांत रबी निघते. हरभरा, करडई, ज्वारी, मागून गहू. पूर्णा भागात हळद उकडून, वाळवून पॉलिश होत असते. पाथरी-गंगाखेडकडे उसाचं पाचट पेटवतात आणि दोरीवरच्या धुतल्या कपड्यांवर काळी पानं येऊन बसतात. मळणीयंत्राच्या तोंडातून जो पिवळा ढग निघतो त्यात नुसती माती नसते. भुसकट, कुसं, आणि वाळल्या ताटांवर वाढलेल्या बुरशीची बी असते, डोळ्यांना न दिसणारी. कडब्याची गंजी मोडताना राखेसारखं काळसर उडतं तीही बहुतेक बुरशीच. ॲलर्जीच्या लेकराला ही बुरशी परागाइतकीच, कधी जास्त बाधते.

म्हणून शेत बंद करा असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षी तोच हुकूम निघाला होता आणि पोरगी दोन रविवार दारात रडत बसली. शेत बंद करायचं नसतं, मळणी चुकवायची असते. यंत्र चालू असताना लेकरू तिथे नको. यंत्र थांबून धूळ खाली बसल्यावर, तास-दीड तासानं, विहिरीवर, झाडाखाली खुशाल खेळू द्या. थांबवणं शक्यच नसेल तर वारा कुठून आहे ते बघून लेकराला वरच्या अंगाला बसवा. उपणणी बघितलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, फक्त लेकराच्या बाबतीत आठवावं लागतं. भुसाच्या ढिगात उड्या मारणं मात्र नाही म्हणजे नाही. मोठं लेकरू असेल तर नाका-तोंडावर नीट बसणारा एन-९५ मास्क उपयोगी; पातळ रुमालातून बारीक धूळ सरळ आत जाते.

आता ते कोडं. मळणीच्या आठवड्यात पोरगी घरीच, तरी संध्याकाळी सात वाजता शिंकांचा भडिमार. सात वाजता काय होतं? तिचे बाबा घरी येतात. दिवसभर यंत्रापाशी उभा राहिलेला माणूस, बनियनपर्यंत भुसकट, भुवया पिवळ्या, आणि ती धावत जाऊन कमरेला मिठी मारते. नाक बरोबर शर्टात. मग आम्ही न्हाणीच्या बाहेर एक खुंटी ठोकली. शेतातून आलं की कपडे तिथेच उतरवायचे, डोक्यावरून दोन तांबे पाणी घ्यायचं, मग घरात. पहिले दोन दिवस तिनं दाराशी 'बाबा, लवकर' असा धोशा लावला, नंतर सवय झाली. एवढ्या एका खुंटीनं त्या आठवड्याच्या तीन फुल्या एकीवर आल्या. नवऱ्यालाही दर फेब्रुवारीत येणारा खोकला त्या साली कमी होता, हे त्यानं फार उशिरा कबूल केलं. शाळेतून किंवा खेळून आल्यावर लेकराचंही तेच: हातपाय, तोंड धुणं, नाक शिंकरणं, कपडे बदलणं. केसांत पराग अडकतो म्हणून या दिवसांत अंघोळ रात्री झोपण्याआधी घातली तर पहाटेच्या शिंका कमी होतात. वेणीचे केस लांब असतील तर निदान ओल्या टॉवेलनं पुसा.

गाडीचं एक सांगायचं राहील. मोटारसायकलवर आपण लहानग्यांना पुढे टाकीवर बसवतो. समोरून येणारा सगळा वारा, ट्रकची धूळ, सगळं आधी त्याच्या डोळ्या-नाकात. मध्ये बसवा, आपल्या पाठीमागे, आणि डोळ्यांना साधा चष्मा घाला, जत्रेतला का असेना.

घरातलं आता. वाकळ हा आमच्या भागाचा जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे जपून बोलते. आजीच्या जुन्या लुगड्यांची वाकळ ऊबदार असते, आणि तिच्या थरांमध्ये डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे मजेत राहतात. हिवाळाभर पांघरून फेब्रुवारीत ती झटकली की त्यांची विष्ठा हवेत उडते, आणि ॲलर्जी असते ती मुख्यतः तिचीच. वाकळ टाकून द्यायची नाही. लेकरू शाळेत असताना दिवसभर कडक उन्हात पसरा, कोरड्या उन्हात ते किडे तग धरत नाहीत. दोन-तीन आठवड्यांतून एकदा हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात भिजवून धुवा, कारण मेलेल्या किड्यांचीही ॲलर्जी येते, ती धुऊनच जाते. वाळवायची मात्र दुपारी मळणीची धूळ, पाचटाचा धूर नसेल तेव्हा, आणि ऊन उतरायच्या आत आत घ्यायची. झटकायचं काम लेकराच्या माघारी.

झाडलोटीचंही तसंच. फडा मारला की धूळ अर्धा तास तरंगत असते. ओल्या फडक्यानं पुसून घेणं बरं. मच्छर अगरबत्ती, उदाचा धूर, न्हाणीबाहेरच्या बंबाचा पऱ्हाट्या-सालपटांचा धूर ही ॲलर्जी नाही, पण आधीच सुजलेल्या नाकावर मीठ आहे. मच्छरदाणी लावा. देवापुढे तुपाचं निरांजन लावलं, उदबत्ती चार दिवस नाही लावली, तर देव रागावल्याचं आमच्या घरी तरी ऐकिवात नाही. मिरची कांडप मात्र गिरणीवरच करा आणि लेकराला सोबत नेऊ नका.

आणि कूलर. होळी झाली की आपण तो माळ्यावरून काढतो, पुसतो, पाणी भरतो आणि बटण दाबतो. बाजूच्या जाळीतलं गवत गेल्या जूनमधलं असतं, ओलं असतानाच बंद करून ठेवलेलं. बटण दाबल्यावर पहिली पाच मिनिटं जो कुबट वास येतो, तो बुरशीचा वास आहे, आणि तो सगळा आपण लेकराच्या अंगावर सोडतो. माझ्या कॅलेंडरवर मार्चचा एकमेव तीन फुल्यांचा सोमवार त्याच रात्रीनंतरचा आहे. नवं गवत फार महाग नाही. गवत बदला, टाकी घासा, आणि पहिला अर्धा तास कूलर रिकाम्या खोलीत खिडक्या उघड्या ठेवून चालवा. पाणी आठवड्याला बदलायचं हे डासांसाठीही लागूच आहे.

खाण्यापिण्याबाबत घरात वाद होतो तो सांगून टाकते. नाक वाहायला लागलं की पहिली गदा दह्यावर, केळीवर आणि पेरूवर येते. परागाच्या ॲलर्जीचा दह्याशी संबंध नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर लगेच ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली तर ती वेगळी गोष्ट, ती डॉक्टरांना सांगा. पण वाढत्या लेकराचं दूध-दही-केळी महिनाभर तोडून शिंका थांबत नाहीत, वजन तेवढं उतरतं. हळदीचं दूध प्यायला काही हरकत नाही, घशाला बरं वाटतं. औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नका. मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात देऊ नका. तान्ह्याच्या नाकात तेल सोडायची पद्धत अजून आहे. ते तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनियासारखं दुखणं होऊ शकतं, हे आजीला प्रेमानं पण ठामपणे सांगायला हवं. आमच्याकडे ते मी नाही सांगितलं, डॉक्टरांकडून सांगवलं. सुनेचं ऐकलं जात नाही ते डॉक्टरचं जातं. वाफेच्या भांड्यानंही भाजलेली लेकरं मी पाहिली आहेत. त्यापेक्षा मिठाचं पाणी चांगलं. मेडिकलमध्ये सलाईनचे नाकातले थेंब मिळतात. घरी करायचं तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, बोअरचं किंवा नळाचं तसंच नको. एक कप पाण्याला पाव ते अर्धा लहान चमचा मीठ. शाळेतून आल्यावर आणि झोपण्याआधी, दोन्ही नाकपुड्यांत.

औषधांपाशी जरा थांबूया, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. मेडिकलवर जाऊन "लेकराला सर्दी-खोकल्याचं काहीतरी द्या" म्हणायचं आणि लाल-गुलाबी बाटली घेऊन यायचं, हे मीही केलं आहे. त्या बाटलीतलं औषध घेऊन माझी मुलगी दोन दिवस शाळेत बाकावर डोकं ठेवून झोपली. जुन्या प्रकारच्या ॲलर्जीच्या औषधांनी गुंगी येते, आणि अशा बाटल्यांत ती इतर चार औषधांसोबत मिसळलेली असतात. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या लेकरांना देऊ नये, अशी सूचना छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे विषारी द्रव मिसळलेल्या खोकल्याच्या औषधानं लेकरं दगावली, त्यातल्या काहींवर नागपुरात उपचार झाले होते. त्या ऑक्टोबरमध्ये केंद्रानं पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखाली अशी औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखाली सहसा नाही. बाटली उरली म्हणून धाकट्याला पाजायची, ही काटकसर करू नका.

डॉक्टर सहसा दोन गोष्टी लिहितात. एक, कमी गुंगी आणणारं ॲलर्जीचं औषध, उदाहरणार्थ सेटिरिझिन किंवा लोराटाडिन, वय-वजनाप्रमाणे. दुसरी, त्रास रोजचा असेल तर नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे. स्टिरॉइड शब्द ऐकून आई-बाबा घाबरतात. पण तो फवारा नाकाच्या अस्तरावरच काम करतो, मात्रा अगदी थोडी असते, आणि जाणकारांच्या मते सतत चोंदणाऱ्या नाकावर तोच सर्वांत गुणकारी. मात्र तो डोकेदुखीच्या गोळीसारखा मारल्या मारल्या काम करत नाही. पूर्ण परिणामाला आठ-पंधरा दिवस लागतात. बहुतेक घरी चार दिवस मारून 'काही फरक नाही' म्हणून तो फ्रीजवर पडतो. मारायची रीतही आहे. आधी नाक शिंकरून घ्या, मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं, टोक कानाच्या दिशेला. नाकाच्या मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येतं आणि मग औषधाला दोष जातो. मारल्यावर जोरात ओढायचं नाही, नाहीतर सगळं घशात.

नाक लगेच मोकळं करणारे थेंब वेगळे, झायलोमेटाझोलिनसारखे. ते तीन ते पाच दिवसांवर वापरले की उलटतात. थेंब थांबले की नाक आधीपेक्षा घट्ट बंद होतं. लेव्होसेटिरिझिन आणि मॉन्टेलुकास्ट यांची जोडगोळी आपल्याकडे फार लिहिली जाते. मॉन्टेलुकास्टमुळे काही लेकरांना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये त्याबद्दल कडक इशारा दिला. देऊ नका असं नाही, पण लेकराचं वागणं अचानक बदललं तर डॉक्टरांना लगेच कळवा. ॲन्टिबायोटिकचा इथे उपयोग नाही. आणि "एक सुई घेतली की वर्षभर बिनघोर" असं सांगणाऱ्याकडून लेकराला सुई टोचून घेऊ नका, ती बहुधा स्टिरॉइडची असते, आणि ती नाकापुरती थांबत नाही.

डोळ्यांचं दुखणं लोक हलक्यात घेतात. उष्ण, कोरड्या हवेत, पाच ते पंधरा वयाच्या मुलग्यांमध्ये विशेष, डोळ्यांची ॲलर्जी फार चिवट असते. खाज, पाणी, दोऱ्यासारखा चिकट स्राव, उजेड सहन न होणं. चोळून चोळून बुबुळाचा आकार बिघडू शकतो. थंड पाण्याची घडी ठेवा, काजळ नको, गुलाबपाणी नको. मेडिकलवरून स्टिरॉइडचे थेंब स्वतःच्या मनानं तर मुळीच नको, त्यांनी काचबिंदू-मोतीबिंदू होऊ शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

छातीची गोष्ट निराळी आणि घाईची. रात्री कोरडा खोकला, धावल्यावर खोकला, श्वास सोडताना शिटीसारखा आवाज असेल तर नाकाची ॲलर्जी छातीपर्यंत गेलेली असू शकते, डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. पंप दिला तर घ्या. "पंपाची सवय लागते" हे आपल्याकडचं सगळ्यात महागात पडणारं वाक्य आहे. लहान लेकराला पंप नुसता तोंडात धरून द्यायचा नाही, स्पेसर नावाच्या नळकांड्यातून द्यायचा, नाहीतर निम्मं औषध जिभेवर. बरगड्यांच्या मधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, लेकराला एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा ते एकदम सुस्त झालं असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं जवळचं रुग्णालय गाठा. मार्चमध्ये अवकाळीची वावटळ उठते तेव्हा पहिल्या झोतात अशा लेकराला घरात घ्या, खिडक्या लावा. पावसाळी ओलाव्यानं पराग फुटून त्याचे बारीक कण छातीत खोल जातात. मेलबर्नमध्ये नोव्हेंबर २०१६ च्या एका वादळानंतर हजारो लोक धापा टाकत रुग्णालयात आले होते.

शाळेत एक चिठ्ठी द्या. जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्ग झाडायची पाळी मुलांवर असते. या दोन महिन्यांपुरती आपल्या लेकराला पाणी भरायची किंवा फळा लिहायची पाळी द्या, असं बाईंना सांगितलं तर त्या सहज ऐकतात. फळा पुसायची मात्र नको. सगळ्यांदेखत 'तू आजारी आहेस' होऊ नये इतकंच बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा हा त्रास त्यांना आवर्जून सांगायला लावा. सर्दी कुणी आपणहून सांगत नाही. रंगांच्या दिवशी कोरडी पूड टाळून पळसाची फुलं भिजवलेलं पाणी दिलं तर लेकराला खेळताही येतं.

इतकं करूनही दोन-तीन वर्षं त्रास वाढताच असेल तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला कातडीवरची चाचणी करता येते. चाचणीआधी आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, ते आधी विचारून घ्या, नाहीतर फेरी फुकट. शंभर पदार्थांची यादी घेऊन येणाऱ्या महागड्या रक्तचाचणीच्या मागे लागू नका; त्यात 'पॉझिटिव्ह' आलेली निम्मी नावं लेकराला आयुष्यात बाधत नसतात. चाचणीत नेमका पराग किंवा धुळीतला किडा सापडला तर त्याचीच थोडी थोडी मात्रा तीन ते पाच वर्षं देऊन शरीराला सवय लावतात. लांबचं काम आहे, सगळ्यांना लागत नाही.

डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडर घेऊन जा. आमच्या डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवून आधी तेच पाहिलं, दुधाच्या खाड्यांसकट, आणि म्हणाले, स्प्रे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातच सुरू करा, पहिल्या फुलीच्या दोन आठवडे आधी. म्हणजे जुनं पान नसेल तर ही तारीख काढता येत नाही. आमचं गेल्या सालचं कॅलेंडर जूनमध्ये वह्यांना कव्हर घालायला निघालं होतं. जानेवारी गणिताच्या वहीवर गेला, मार्च मराठीच्या. फेब्रुवारीचं पान तेवढं माझ्या हाती लागलं. ते आता धाकटीच्या फाईलमध्ये आहे, मागच्या बाजूला अजून दूधवाल्याचा हिशेब आहे.